उरलेला बुडबुडा : हेन्री कॅव्हेंडिश यांची गोष्ट



आजच्या लेखाआधी एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी मी वर्गात पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा प्रयोग घेत होते. स्टँड, चंचुपात्र, तापमापी, सगळं रीतसर मांडलेलं. एका मुलीने निरीक्षणाच्या रकान्यात ९८ अंश सेल्सिअस लिहिलं. पुस्तकात तर १०० आहे. मी वही पाहिली आणि सहजपणे तिला ते खोडून १०० लिहायला सांगितलं. तिने काही न बोलता खोडरबर काढलं. प्रयोगवही स्वच्छ झाली, गुणही पूर्ण मिळाले.

आता गंमत बघा. आमची शाळा घाटावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी जरा आधीच उकळतं. इतक्या उंचीवर ते साधारण ९८ अंशांलाच उकळायला हवं! म्हणजे मुलीची तापमापी बरोबर, तिचे डोळे बरोबर, तिची नोंद बरोबर. चुकले होते ती मी. पुस्तकाशी न जुळणारं म्हणून मी वर्गातला सगळ्यात मोलाचा आकडा पुसायला लावला.

ही गोष्ट मनातून जात नाही. म्हणूनच आज तुम्हाला अशा एका माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते, ज्यांनी न जुळणारा आकडा आयुष्यात कधी खोडला नाही. हेन्री कॅव्हेंडिश. हायड्रोजनचा शोध आणि पृथ्वीचं वजन एवढ्यापुरतं त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येतं. पण हवा, बर्फ आणि नायट्रिक आम्ल या तिघांशी त्यांचं जे नातं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. आज तेच पाहू.

श्रीमंत घर, अबोल मुलगा

कॅव्हेंडिश यांचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस या गावी झाला. आज हे शहर फ्रान्समध्ये आहे. घराणं मात्र इंग्लंडमधलं, आणि तेही साधंसुधं नाही. वडील लॉर्ड चार्ल्स हे डेव्हनशरच्या ड्यूकचे पुत्र, आई लेडी अ‍ॅन ही केंटच्या ड्यूकची कन्या. हेन्री जेमतेम दोन वर्षांचे असताना आई गेली. धाकटा भाऊ फ्रेडरिक तेव्हा अगदी तान्हा होता. पुढे दोघांना वडिलांनीच वाढवलं.

हॅकनीच्या शाळेत शिकून हेन्री १७४९ मध्ये केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजात दाखल झाले. तिथे तीन-चार वर्षं राहिले आणि १७५३ मध्ये पदवी न घेताच बाहेर पडले. पालकहो, आपल्या घरी असं झालं तर काय वातावरण होईल, विचार करा! पण त्यांचे वडील स्वतः प्रयोग करणारे होते. दिवसातलं जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान आपोआप दाखवणाऱ्या तापमापी त्यांनी तयार केल्या होत्या. त्याबद्दल रॉयल सोसायटीने त्यांना १७५७ मध्ये कोप्ली पदक दिलं. हेन्रींची खरी शाळा म्हणजे वडिलांची ही खोली. वडीलच त्यांना रॉयल सोसायटीच्या सभांना बरोबर घेऊन जात. १७६० मध्ये हेन्री तिथले सदस्य झाले.

स्वभाव मात्र विलक्षण लाजरा. अनोळखी माणूस समोर आला की त्यांची बोलतीच बंद होई. बायकांशी बोलणं तर त्यांना अजिबात जमत नसे. घरातल्या मोलकरणीलासुद्धा ते चिठ्ठी लिहून सूचना देत, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. अंगात जुन्या पद्धतीचा विटलेला जांभळा कोट, डोक्यावर तीन टोकांची टोपी. पैसा अमाप, पण त्याकडे लक्ष नाही. स्वतःचं मोठं ग्रंथालय त्यांनी अभ्यासकांना खुलं ठेवलं होतं आणि त्यातलं पुस्तक घेताना ते स्वतःही नोंद करूनच घेत, असं सांगतात.

पण त्यांना माणूसघाणे म्हणण्याची घाई करू नका. रॉयल सोसायटीच्या मंडळींच्या दर गुरुवारच्या जेवणाला ते वर्षानुवर्षं नियमित जात. विषय आवडीचा असेल तर बोलतही. आपल्या वर्गातही शेवटच्या बाकावर असं एखादं मूल असतंच ना? हात वर करत नाही, पण सगळं टिपत असतं.

पाणी नक्की किती अंशांवर उकळतं?

आता माझ्या चुकीकडे पुन्हा येते, कारण तिचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीच दिलेलं होतं. त्या काळी दोन चांगल्या कारागिरांच्या तापमापीही उकळत्या पाण्यात वेगवेगळी मापं दाखवत. कुणाची तापमापी खरी मानायची? हा घोळ सोडवण्यासाठी रॉयल सोसायटीने एक समिती नेमली. तिचे प्रमुख होते कॅव्हेंडिश.

समितीने १७७७ मध्ये अहवाल दिला. त्यात सांगितलं की तापमापीवर उत्कलनाची खूण करताना ती पाण्यात बुडवून नव्हे तर वाफेत धरून करावी, आणि त्या वेळी हवेचा दाब किती आहे ते जरूर पाहावं. दाबासाठी एक ठराविक आकडाही ठरवून दिला. म्हणजे पाण्याचा उत्कलनांक हा एकटा आकडा नाही, त्याच्यासोबत हवेचा दाब लिहावाच लागतो. मी वर्गात हेच विसरले होते.

आंबट पाण्याचं कोडं

कॅव्हेंडिश यांचं पहिलं मोठं काम १७६६ सालचं. धातूंवर आम्ल टाकून जो ज्वलनशील वायू मिळतो, त्याचा त्यांनी नीट अभ्यास केला आणि तो साध्या हवेहून कितीतरी हलका आहे हे मोजून दाखवलं. आज आपण त्याला हायड्रोजन म्हणतो. या कामाबद्दल त्यांनाही कोप्ली पदक मिळालं.

पुढे त्यांनी हवाच तपासायला घेतली. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हवामानात, लंडनची हवा, केन्सिंग्टनची हवा. शेकडो वेळा तपासणी केली. निष्कर्ष असा निघाला की हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच आहे, आजच्या भाषेत शंभरात साधारण २०.८ भाग. आज आपण २०.९५ मानतो. हातात होत्या काचेच्या नळ्या, पाणी आणि एक तराजू. एवढ्या साधनांवर इतकी अचूकता!

मग त्यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका भांड्यात घेऊन विजेच्या ठिणगीने पेटवले. भांड्याच्या आतल्या बाजूला दंव जमलं. ते पाणी होतं. पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंपासून होतं, या मोठ्या शोधाचा हा पाया. १७८४ मध्ये त्यांनी तो मांडला.

इथे कुणीही खूश होऊन थांबला असता. पण एक गोष्ट जुळत नव्हती. ऑक्सिजन जास्त घेतला की तयार होणारं पाणी कधीकधी आंबट लागे. आंबट म्हणजे आम्ल. पाण्यात आम्ल आलं कुठून? भांडं अस्वच्छ असेल असं म्हणून ते ओतून देता आलं असतं. कॅव्हेंडिश यांनी ते ओतलं नाही, तपासलं. ते निघालं नायट्रिक आम्ल.

(मुलांना सांगताना एक सूचना नक्की द्या. त्या काळी रसायनं चाखून पाहत. आपण प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही.)

नायट्रिक आम्ल तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. ते सोऱ्यापासून बनवत. सोरा म्हणजे तोच, जो फटाक्यांच्या दारूत असतो. त्या शतकात इंग्लंडला लागणारा सोरा मोठ्या प्रमाणावर आपल्या बिहार-बंगालमधून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी जाई. पण कॅव्हेंडिश यांच्या भांड्यात सोरा नव्हताच. होते फक्त वायू. मग त्यांनी ताडलं की भांड्यात चुकून राहिलेल्या थोड्या हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जात असणार. म्हणजे नायट्रिक आम्ल आपल्या भोवतालच्या हवेतूनच बनू शकतं!

ठिणग्या आणि एक बुडबुडा

हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी जो प्रयोग केला, तो चिकाटीचा धडा म्हणून कोणत्याही वर्गात सांगावा असा आहे.

काचेची एक बारीक नळी मधोमध वाकवून तिची दोन्ही टोकं पाऱ्याच्या दोन पेल्यांत बुडवली. नळीच्या वरच्या वाकात हवा आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण, आणि त्याखाली तीव्र आम्लारीचं थोडं द्रावण. मग हाताने फिरवायच्या विद्युतयंत्राने त्या वायूतून ठिणग्या सोडायच्या. प्रत्येक ठिणगीला अगदी थोडा नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाई, द्रावण तो शोषून घेई आणि वायूचं आकारमान किंचित कमी होई. की पुन्हा वायू भरायचा, पुन्हा ठिणग्या. हे असं दिवसेंदिवस. शेवटी द्रावण सुकवलं तर हाती आला सोरा. हवेपासून सोरा!

आपल्या डोक्यावर वीज चमकते तेव्हा हेच घडतं. विजेच्या प्रचंड उष्णतेने हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडले जातात, पुढे त्यापासून नायट्रिक आम्ल बनतं आणि पावसाबरोबर जमिनीत उतरतं. नायट्रोजन चक्राच्या आकृतीत विजेचा जो बाण असतो ना, त्यामागे ही वाकडी नळी उभी आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कॅव्हेंडिश यांना शंका आली की हवेतला हा सगळा नायट्रोजन एकाच प्रकारचा आहे की त्यात आणखी काही मिसळलेलं आहे? म्हणून त्यांनी ठरवलं की शेवटच्या थेंबापर्यंत जायचं. ठिणग्या सोडत राहिले. सगळा नायट्रोजन संपला. उरलेला ऑक्सिजन दुसऱ्या द्रावणाने शोषून घेतला. आता नळीत काहीच राहायला नको होतं.

राहिला एक छोटासा बुडबुडा. कशाशीच न जोडला जाणारा.

त्यांनी त्याचंही माप घेतलं आणि १७८५ च्या निबंधात लिहून टाकलं की असा काही भाग असलाच, तर तो नायट्रोजनच्या १२० व्या हिश्श्याहून जास्त नाही. बस. कारण माहीत नव्हतं, म्हणून बनवून सांगितलं नाही. क्षुल्लक होता, म्हणून लपवलाही नाही.

हा प्रयोग इतरांना लवकर जमेना, तेव्हा शंका घेतल्या गेल्या. कॅव्हेंडिश रागावले नाहीत, वादही घालत बसले नाहीत. रॉयल सोसायटीचे लिपिक जॉर्ज गिल्पिन यांच्या हातून त्यांनी तोच प्रयोग साक्षीदारांसमोर पुन्हा करवला आणि १७८८ मध्ये निकाल छापला. मी केलं म्हणून खरं, असं नाही. दुसऱ्याच्या हातून झालं, म्हणून खरं.

हडसनच्या उपसागरावरचं बर्फ

आता थोडं थंडीकडे वळू. याच वर्षांत कॅव्हेंडिश यांना आणखी एका प्रश्नाने घेरलं होतं. पदार्थ नेमके किती थंडीत गोठतात?

१७५९ च्या हिवाळ्यात रशियात सेंट पीटर्सबर्ग इथे नायट्रिक आम्ल आणि बर्फ यांच्या मिश्रणात पहिल्यांदा पारा गोठवला गेला होता. तेव्हा पाऱ्याच्या तापमापीने शून्याखाली शेकडो अंश दाखवले आणि जगभर तोच आकडा फिरू लागला. कॅव्हेंडिश यांना तो पटेना. त्यांचं म्हणणं असं की पारा गोठताना आकसतो, त्यामुळे तापमापीतली रेघ भसकन खाली जाते. ती थंडी नव्हे, तो तर पाऱ्याचा आकस!

मग खरा गोठणबिंदू काढायचा कसा? त्यांनी युक्ती काढली. पाऱ्याने भरलेल्या नळीत एक छोटी तापमापी उभी करायची आणि ती नळी थंड मिश्रणात ठेवायची. बाहेरचा पारा गोठत असताना आतल्या तापमापीचा आकडा बराच वेळ एका जागी थांबेल. तो थांबलेला आकडा म्हणजे गोठणबिंदू.

लंडनमध्ये एवढी थंडी कुठून आणणार? म्हणून उपकरणं आणि सूचना गेल्या कॅनडात, हडसनच्या उपसागरावरच्या अल्बनी फोर्टला. तिथले अधिकारी थॉमस हचिन्स यांनी १७८१-८२ च्या हिवाळ्यात प्रयोग केले. आकडा थांबला तो उणे ३९ अंशांच्या आसपास. शेकडो अंश नव्हे, फक्त उणे ३९. आजही आपण पाऱ्याचा गोठणबिंदू जवळपास तेवढाच मानतो.

पण कॅव्हेंडिश यांचं लक्ष आता त्या थंड मिश्रणाकडेच गेलं. बर्फ आणि नायट्रिक आम्ल एकत्र केल्यावर नेमकं होतं काय? पुन्हा बाटल्या गेल्या कॅनडाला. या वेळी काम केलं जॉन मॅकनॅब यांनी, आधी हेन्ली हाउस आणि मग अल्बनी फोर्ट इथे. प्रत्येक बाटलीतल्या आम्लाची तीव्रता आधी मोजलेली होती. कशी? ते आम्ल किती संगमरवर विरघळवतं, यावरून. किती साधी आणि किती पक्की पद्धत!

निकाल चक्रावून टाकणारे होते. अगदी तीव्र आम्लात थोडं बर्फ टाकलं तर मिश्रण थंड होण्याऐवजी आधी चक्क गरम होई. आणखी बर्फ टाकत गेलं की मग थंडी पडू लागे. कॅव्हेंडिश यांनी याचा उलगडा केला. बर्फ वितळताना उष्णता शोषली जाते, पण आम्ल पाण्यात मिसळताना उष्णता बाहेर पडते. दोन्ही एकाच वेळी चालू असतात. आम्ल फार तीव्र असेल तर दुसरी बाजू जिंकते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आम्ल पातळ असेल तर त्यातून आधी पाणीच बर्फ होऊन बाजूला होतं आणि उरलेलं द्रव अधिक आंबट राहतं. आम्ल पुरेसं तीव्र असेल तर मात्र आम्ल आणि पाणी दोन्ही एकत्रच गोठतात. या दोन प्रकारच्या गोठण्याला त्यांनी वेगवेगळी नावं दिली. आणि त्यांना असंही आढळलं की एका ठराविक तीव्रतेचं आम्ल सगळ्यात सहज गोठतं, शून्य अंश फॅरनहाइटच्या किंचितच खाली. त्याहून तीव्र केलं तरी जास्त थंडी लागते, त्याहून पातळ केलं तरी जास्त थंडी लागते.

आपली अपेक्षा काय असते? पाणी वाढवत गेलो की गोठणं सोपं सोपं होत जावं. इथे आलेख मधेच डोकं वर काढतो. का? रेणू, सूत्रं यातलं काहीच तेव्हा माहीत नव्हतं. कॅव्हेंडिश तर अजून फ्लॉजिस्टन नावाच्या जुन्या कल्पनेच्या भाषेतच विचार करत होते, आणि ती कल्पना पुढे चुकीची ठरली. पण मापं? मापं चुकली नाहीत. १७८६ आणि १७८८ मध्ये त्यांनी हे सगळं तक्त्यांसह छापून ठेवलं.

शेवटची वर्षं

१७९७-९८ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी पृथ्वीची घनता मोजली. यंत्राची मूळ कल्पना त्यांचे स्नेही जॉन मिचेल यांची. मिचेल वारल्यावर ते यंत्र कॅव्हेंडिश यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते नव्याने उभारलं. शिशाच्या दोन प्रचंड गोळ्यांनी दोन लहान गोळ्यांना किती ओढलं, ते पाहायचं. ही ओढ इतकी सूक्ष्म की माणसाच्या अंगच्या उबेने खोलीतली हवा हलली तरी घोटाळा व्हायचा. म्हणून खोली बंद, आणि कॅव्हेंडिश बाहेरून दुर्बिणीने पाहत उभे. उत्तर आलं पाण्याच्या सुमारे साडेपाच पट. आजचा आकडा ५.५१.

२४ फेब्रुवारी १८१० रोजी, ७८ व्या वर्षी, क्लॅपहॅमच्या घरी ते वारले. मागे दहा लाख पौंडांहून अधिक संपत्ती होती. आणि होते कागदांचे गठ्ठे, ज्यांतलं कितीतरी त्यांनी कधी छापलंच नव्हतं. विजेवरचं त्यांचं काम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा कळलं की पुढे इतरांच्या नावाने ओळखले जाणारे काही नियम या अबोल माणसाला आधीच सापडले होते. केंब्रिजची प्रसिद्ध कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ मध्ये त्यांच्याच घराण्यातल्या ड्यूकच्या देणगीतून उभी राहिली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लिहून ठेवणं पुरेसं नसतं. जे कागद पेटीत राहिले, त्यांचा उपयोग जगाला सत्तर वर्षं उशिरा झाला. जे छापलं गेलं, ते मात्र वेळ येताच कामाला आलं. कसं, ते पाहा.

बुडबुड्याचं पुढे काय झालं?

१८९२ मध्ये लॉर्ड रॅले यांना एक न जुळणारा आकडा सापडला. हवेतून मिळवलेला नायट्रोजन हा अमोनियापासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा थोडा जड भरत होता. फरक साधारण अर्ध्या टक्क्याचा. त्यांनीही तो खोडला नाही. शोध घेताना कॅव्हेंडिश यांचा शंभरावर वर्षांपूर्वीचा बुडबुडा आठवणीत आला. रॅले यांनी ठिणग्यांचा तोच प्रयोग नव्या साधनांनी केला. विल्यम रॅम्झी यांनी दुसऱ्या रासायनिक मार्गाने तोच वायू वेगळा केला. १८९४ मध्ये दोघांनी नव्या मूलद्रव्याची घोषणा केली. त्याचं नाव अरगॉन. तोच, जो आज वेल्डिंगच्या दुकानात सिलिंडरमध्ये असतो. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हवेतल्या नायट्रोजनबरोबर असलेला अरगॉनचा वाटा आज मोजला तर साधारण ८५ पैकी १ भरतो. कॅव्हेंडिश यांचा १२० पैकी १ हा अंदाज थोडा कमी होता. पण बुडबुडा खरा होता.

आणि त्या गोठलेल्या आम्लाचं?

हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर दर वसंतात ओझोनचा थर विरळ होतो असं ब्रिटिश संशोधकांनी जाहीर केलं. फ्रिज आणि स्प्रेमधल्या वायूंतून वर गेलेला क्लोरीन ओझोन नष्ट करू शकतो, हे माहीत होतं. पण एरवी तो क्लोरीन दोन निरुपद्रवी संयुगांत बंदिस्त असतो, हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट. मग अंटार्क्टिकावरच तो सुटतो कसा?

उत्तर मिळालं प्रयोगशाळेतल्या बर्फावर. १९८७ मध्ये मारिओ मोलिना आणि त्यांचे सहकारी, तसंच मार्गारेट टॉल्बर्ट आणि त्यांचे सहकारी, यांनी अतिथंड बर्फाच्या पृष्ठभागावरून हे वायू जाऊ दिले. हवेत एकमेकांना फारसं न जुमानणारे हे दोन वायू बर्फावर भराभर एकत्र आले. क्लोरीन मोकळा होऊन बाहेर पडला, आणि बर्फातच अडकून राहिलं नायट्रिक आम्ल!

हे आम्ल अडकणंही महत्त्वाचं आहे. एरवी नायट्रिक आम्लापासून सुटणारा नायट्रोजन डायऑक्साइड मोकळ्या क्लोरीनला पुन्हा बंदिस्त करतो. आम्लच गोठून बसलं आणि त्याचे कण खाली उतरले, तर हा पहारेकरीच गायब. मग सूर्य उगवला की क्लोरीनला ओझोनवर तुटून पडायला मोकळं रान.

ते आम्ल गोठतं कोणत्या रूपात? १९८८ मध्ये डेव्हिड हॅन्सन आणि कॉनराड माउर्सबर्गर यांनी प्रयोगशाळेत त्याचा बाष्पदाब मोजून दाखवलं की ध्रुवीय आकाशातल्या परिस्थितीत, साधं बर्फ होण्याच्या तापमानापेक्षा काही अंश वरच, एक वेगळा स्फटिक टिकू शकतो. त्यात आम्लाच्या एका रेणूमागे पाण्याचे तीन रेणू असतात. साध्या दाबाखाली हा स्फटिक उणे १८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो.

आता कॅव्हेंडिश यांच्या तक्त्याकडे परत जाऊ. सगळ्यात सहज गोठणारं आम्ल आठवतं ना? संगमरवराच्या मापावरून आज हिशोब केला तर ते मिश्रण एकास तीन या प्रमाणाच्या अगदी जवळ येतं, आणि तापमानही जुळतं. आलेखाने मधेच डोकं वर काढलं होतं, ते याच स्फटिकामुळे. कॅव्हेंडिश यांना रेणू माहीत नव्हते, ओझोन माहीत नव्हता. मॅकनॅब यांनी कडाक्याच्या थंडीत घेतलेली मापं त्यांनी फक्त जशीच्या तशी लिहून ठेवली.

वर्गात काय करता येईल?

नायट्रिक आम्ल मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. पण कॅव्हेंडिश यांची युक्ती घरच्या साहित्यात करता येते. कुटलेलं बर्फ आणि जाडं मीठ साधारण तीनास एक या प्रमाणात एका डब्यात मिसळा. त्यात पाणी भरलेली परीक्षानळी उभी करा आणि पाण्यात प्रयोगशाळेतली तापमापी ठेवा. दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहायला सांगा. आकडा उतरत जाईल, कधीकधी शून्याच्या खालीही जाईल, मग बर्फ धरू लागताच शून्याकडे परत येऊन तिथेच रेंगाळेल. तो रेंगाळलेला आकडा म्हणजे गोठणबिंदू.

आणि समजा एखाद्या गटाचा आकडा शून्यावर न थांबता अर्ध्या अंशावर थांबला तर? खोडायला लावू नका. का थांबला असेल, ते विचारा. तापमापी शुद्ध बर्फाच्या पाण्यात तपासायला लावा. पाण्यात मीठ तर गेलं नाही ना, बघायला लावा. प्रयोगवहीत निरीक्षणाच्या शेजारी आणखी एक रकाना आखून घ्या, न जुळलेल्या गोष्टींचा. त्या रकान्यालाही गुण द्या. पालकहो, तुम्हीही वही पाहताना तो रकाना आधी बघा.

त्या मुलीला मी नंतर वर्गासमोर सांगितलं की तिचा ९८ हा आकडाच बरोबर होता. ती नुसती हसली. वहीत मात्र खोडरबराने पुसट झालेला तो ९८ तिने पुन्हा ठळक करून घेतला, आणि शेजारी आमच्या गावाची उंची लिहिली.